आत्म्यांच्या रात्री घरघरणारी

आत्म्यांच्या रात्री घरात काहीही घरघरता कामा नये, आणि का ते विचारायचं नाही.

हिऊमा बेटावरच्या या घराचा हा नियम आहे. या घराण्याच्या लेलोनं तो पाच वर्षांची असताना ऐकला. आता ती एकवीस वर्षांची आहे. मी तो कालच ऐकला, आणि मी तर घरघरतेच. दुसरं काही मला येत नाही.

मी श्वास देणारी मशीन आहे. वजन सव्वा किलो, रंग राखाडी, पोटात पाण्याची छोटी टाकी, पाठीला हवा ओढायची जाळी आणि पुढे एक लांब नळी. नळीच्या टोकाला मऊ मुखवटा. ज्यांचा श्वास झोपेत थांबतो त्यांच्या नाकातोंडावर तो बसतो आणि मी रात्रभर हवा लोटत राहते. डॉक्टर या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. घरचे लोक घोरणं म्हणतात आणि हसतात.

यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. माणूस घोरतो, घोरतो, आणि मध्येच गप्प होतो. बाजूच्या खोलीतल्यांना वाटतं, बरं झालं, थांबला एकदाचा. पण थांबलेला असतो तो श्वास. पुढचा श्वास येईपर्यंत जी फट पडते, तिच्यात मी काम करते. त्या फटीची माझ्याइतकी ओळख कुणालाच नसेल.

माझी पहिली आठवण एका पांढऱ्या खोलीची आहे. कारखान्यात आम्ही चाळीसजणी एका फळीवर मांडलेल्या होतो आणि प्रत्येकीच्या नळीला एकेक रबरी फुफ्फुस जोडलेलं होतं. तीन दिवस आणि तीन रात्री आम्ही त्या चाळीस फुफ्फुसांना श्वास दिला. ती फुगत, बसत, पुन्हा फुगत. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. चौथ्या दिवशी एक माणूस आला, त्यानं वीज बंद केली, आणि चाळीस छात्या एकदम बसल्या.

तिथून मी तुर्कूच्या एका इस्पितळात आले. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईंकडे गेले. त्या मला 'मांजर' म्हणायच्या आणि झोपण्याआधी माझ्यावर हात फिरवायच्या. एका सकाळी त्या उठल्या नाहीत. त्या दिवशी मी दुपारपर्यंत हवा लोटत होते, कारण बटण दाबायला घरात कुणी नव्हतं. मग मला इस्पितळात परत नेलं. नळी बदलली, मुखवटा बदलला, माझ्या आतली नोंद पुसली. पुसली असं त्यांना वाटतं.

गेल्या मे महिन्यात माझ्या कागदावर हिलारनं सही केली.

हिलार सुतार. जन्म या हिऊमा बेटावरचा, म्हणजे एस्टोनियाचा, पण सोळा वर्षं समुद्रापलीकडे फिनलंडमध्ये, तुर्कूत कामाला. वसंतात एका इमारतीच्या परांचीवर चढताना त्याचं हृदय वेडंवाकडं धडधडायला लागलं आणि तो खाली बसला. तपासात कळलं की झोपेत एका तासात सत्तेचाळीस वेळा त्याचा श्वास थांबतो. नर्स म्हणाली, "एकही रात्र हिच्याशिवाय नको. प्रवासात नको, सुट्टीत नको, एका डुलकीपुरतीसुद्धा नको. तुमच्या हृदयाला आता ते झेपणार नाही." हिलार मान हलवत होता. ऐकत होती ती त्याची मुलगी लेलो. ती तिथेच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते. नर्सचं बोलणं संपायच्या आत तिनं माझं माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं होतं.

हिलार नुसताच ओशाळलेला होता. पहिले काही दिवस तो मुखवटा घालायच्या आधी दिवा मालवायचा. सकाळी गालावर पट्ट्यांचे वळ उठले की कामावर जाताना कॉलर वर करायचा. माणसांना चष्मा लागल्याची लाज वाटत नाही, दात बसवल्याची वाटत नाही, पण झोपेत मदत लागते म्हटलं की ती चोरासारखी वागतात.

प्रवास मी आधी एकदाच केला होता, उन्हाळ्यात पोर्तुगालला. विमानतळावर एका तरुणानं मला पिशवीतून बाहेर काढलं, एका कापडानं पुसलं आणि ते कापड दुसऱ्या यंत्रात घातलं. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. हिलार लाल झाला. लेलो म्हणाली, "माझे वडील. बाहेर काढून ठेवता येणारा भाग." तो तरुण हसला नाही, पण त्यानं मला दोन्ही हातांनी परत ठेवलं. प्रवासाचे नियम लेलोचे आहेत आणि ते सगळे 'का'सकट आहेत. मला सामानाच्या पेटीत टाकायचं नाही, कारण पेट्या हरवतात. टाकीत पाणी ठेवून न्यायचं नाही, कारण ते माझ्या मोटरमध्ये उतरतं. शुद्ध पाण्याची बाटली बरोबर घ्यायची, कारण विहिरीच्या पाण्यातला चुना माझ्या तळाला बसतो.

दोन नोव्हेंबरला घराण्यातले मेलेले लोक जेवायला घरी येतात, अशी या बेटावरची समजूत. तीच आत्म्यांची रात्र. दर वर्षी हिलार या रात्रीसाठी घरी येतो. फक्त तीन वर्षांपूर्वी काम सुटलं नाही म्हणून तो आला नव्हता, आणि नेमक्या त्याच रात्री त्याचा थोरला भाऊ आर्वो इथे झोपेत गेला. मागच्या खोलीत.

आम्हाला काल झोपायला दिली तीही मागचीच खोली.

बस, जहाज, पुन्हा बस, आणि मग बेटाची फेरीबोट. पूर्ण दिवस गेला. दारात हिलारची मोठी बहीण सालमे उभी होती. सत्तर ओलांडलेली, काठीसारखी सरळ. तिच्यामागे शेजारचा एवाल्ड, ऐंशीचा, हातात पाईप.

"ही काय गं, मधमाश्या पळवायची धुरकांडी?" एवाल्डनं माझ्या नळीकडे बोट दाखवलं.

"बाबांची श्वासाची मशीन आहे, आजोबा."

"श्वासाला मशीन! हिलार, उद्या जेवायला पण मशीन आणशील रे."

"तुम्ही रात्री दात बशीत काढून ठेवता ते काय आहे मग?" लेलो म्हणाली.

एवाल्ड खो खो हसला. सालमे हसली नाही. "आर्वोला असलं काही लागलं नाही," ती म्हणाली.

"आत्या, म्हणूनच तर..."

"लेलो," हिलार म्हणाला. आणि तिथे ते थांबलं. हिलारचं 'लेलो' म्हणजे घरातलं दार हळूच लावून घेणं.

मागच्या खोलीतलं सॉकेट जुन्या जमान्यातलं, बारीक भोकांचं, माझा प्लग त्यात बसेना. लेलोनं स्वयंपाकघरातून लांब वायर ओढली, उंबऱ्यावरून, चरख्याच्या मागून, थेट पलंगापर्यंत. सालमे त्या वायरीवरून पाय उचलून जायची, जणू तिथे साप पडला आहे. झोपायच्या वेळी ती दारात आली. "आज चालव. उद्या अंधार पडल्यापासून सकाळपर्यंत नाही. उद्या घरघर चालत नाही. ते येतात आणि आवाज असला की दारातूनच परत जातात. मग वर्षभर भूक घेऊन फिरतात."

"ठीक आहे, ताई," हिलार म्हणाला. "एका रात्रीनं काय होतंय."

काल रात्री मी चालले. खरं सांगायचं तर त्या खोलीत मला चालवत नव्हतं.

बाकी घरांत फट रिकामी असते. तुर्कूत रिकामी असते, पोर्तुगालच्या त्या हॉटेलात रिकामी होती. हिलार थांबतो, मी जोर वाढवते, तो पुन्हा सुरू होतो, आणि मधल्या जागेत काही नसतं. काल मी हवा लोटली ती हिलारकडे गेली आणि थोडी दुसरीकडे गेली. मुखवटा घट्ट होता. नळीला भोक नव्हतं. तरी कुठेतरी हवा जात होती, आणि ती गळतीसारखी एकसारखी जात नव्हती. थांबून थांबून जात होती. कुणी ओढावी तशी.

सकाळी लेलोनं माझ्या पडद्यावरचे आकडे पाहिले. गळतीचा आकडा तिनं दोनदा पाहिला आणि मुखवट्याची कड बोटानं चाचपली.

आज दुपारी तीनला सगळे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेले. नोव्हेंबरात पाचच्या आधीच उजेड ओसरतो. मी मागच्या खोलीत एकटी होते. लेलोनं जाण्याआधी टाकी भरून ठेवली होती आणि मुखवटा उशीवर ठेवला होता, पट्ट्या सोडून, तोंड वर करून.

माझ्यात एक सोय आहे. बटण दाबावं लागत नाही. मुखवट्यात कुणी पहिला श्वास घेतला की मला कळतं आणि मी आपोआप सुरू होते.

मी सुरू झाले.

खिडकी बंद होती. वारा असता तर मला कळला असता, वारा ढकलतो, ओढत नाही. हे ओढणं होतं. एक श्वास आत, जड, घशात अडकत आलेला. मी हवा दिली. दुसरा. मी दिली. तिसरा. मग काही नाही. मी वाट पाहिली, जोर वाढवला, आणखी वाढवला. उशीवर मुखवटा फुसफुसत होता, पट्ट्या थरथरत होत्या. मी कुणाला हवा देत होते ते मला माहीत नाही. पण ज्याला देत होते त्याचा घसा बंद झाला होता, एवढं मला माहीत आहे, कारण ते ओळखणं हे माझं कामच आहे.

दारात लेलो उभी होती, पहिल्या श्वासापासून. काडेपेटी विसरली म्हणून ती परत आली होती. तिच्या अंगावर ओला कोट होता. ती रिकाम्या पलंगाकडे बघत होती. मग पुढे आली आणि तळहात मुखवट्यासमोर धरला, माझ्या हवेत. 

"कोण आहे?" तिनं विचारलं.

मग तिनं मला बंद केलं, पण बंद करण्याआधी मोजून दहा सेकंद थांबली. मला वाटतं, ती चौथ्या श्वासाची वाट बघत होती. काडेपेटी घेऊन ती गेली.

कबरस्तानातून परत आल्यावर पहिल्यांदा मागच्या खोलीत आली ती सालमे. तिनं दिवा लावला नाही. कोपऱ्यातल्या चरख्याची दोरी तिनं चाकावरून उतरवली. आत्म्यांच्या रात्री ती दर वर्षी उतरवतात, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी चाक फिरवू नये. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या बोटांना माझी रचना ठाऊक नव्हती, पण दोरी कशी काढायची ते ठाऊक होतं. तिनं माझी नळी पिरगाळून ओढून काढली, मुखवट्यासकट, आणि घेऊन गेली. रागानं नाही. गोठ्याचं दार लावावं इतक्या सवयीनं.

नळीशिवाय मी म्हणजे नुसतं भोक असलेला डबा.

स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं होतं. सातूची लापशी, उकडलेले वाटाणे, डुकराच्या मांसाचे काप, राय धान्याच्या काळ्या पावाची लादी, घरची बीअर. माणसं चार आणि ताटल्या सात. लेलोचे आजोबा, आजी आणि आर्वो यांच्या ताटल्यांपुढे खुर्च्या ओढून ठेवलेल्या. खिडकीत मेणबत्त्या. बाहेरचं दार बोटभर उघडं. सालमेनं हलक्या आवाजात एकेकाला नावानं हाक मारली, "या, बसा, जेवा." हे मी पाहिलं, कारण तेवढ्यात लेलो मला उचलून तिथे घेऊन आली होती. वायर मागून फरफटत होती.

"नळी कुठे आहे?"

"हळू बोल," सालमे म्हणाली. "कोठीच्या खिळ्यावर आहे. चरख्याच्या दोरीशेजारी. सकाळी मिळेल."

"आत्या, हा चरखा नाही."

"घरघरतं ते सगळं सारखंच."

"बाबांचा श्वास त्यावर चालतो!"

"लेलो," हिलार म्हणाला. "एका रात्रीचा प्रश्न आहे."

"आर्वोकाकाचासुद्धा एकाच रात्रीचा होता."

एवाल्डनं पाईप तोंडातून काढला. "पोरी, जरा जिभेला आवर. आर्वोला त्यांनी नेलं. अशा रात्री, स्वतःच्या घरात, झोपेत. असं मरण नशिबात लागतं. तुझ्या आजोबांनाही असंच, त्याच पलंगावर आलं."

"त्याच पलंगावर! आणि तुम्हाला कुणालाच वाटलं नाही की एका घराण्यातले दोन पुरुष झोपेत श्वास थांबून जातात, तिसराही तसाच घोरतो, तर जरा विचारावं?"

"या रात्री विचारत नाहीत."

"मग ऐका तरी." लेलोनं मला टेबलावर ठेवलं, लापशीच्या भांड्याशेजारी. आता तिचा आवाज खाली आला होता आणि त्यामुळे जास्त लागत होता. "दुपारी मी काडेपेटी न्यायला आले तेव्हा मागच्या खोलीत ही चालू होती. मुखवटा उशीवर होता. पलंगावर कुणी नव्हतं. तुम्ही म्हणता ते येतात. येत असतील, मी नाही म्हणत नाही. पण जो आला त्याला तुमची लापशी नको होती. त्यानं हिच्यातून श्वास घेतला. तीन वेळा. आणि मग थांबला."

सालमेच्या हातातला डाव भांड्यावर आपटला.

"तीन?" ती म्हणाली.

"हो, तीन."

"अडखळत?"

लेलोनं मान हलवली. सालमे खुर्चीवर बसली. ती आर्वोची खुर्ची होती, आणि या रात्री त्यावर बसत नाहीत, पण कुणी तिला तसं सांगितलं नाही.

"त्या रात्री मी जागी होते," सालमे म्हणाली. "भिंतीपलीकडे. तो घोरायचा, मग थांबायचा, मग पुन्हा घोरायचा. मला वाटायचं, थांबतो तेव्हा तो त्यांचं बोलणं ऐकतो. शेवटी तीन वेळा झालं. अडखळत, जड. आणि थांबला. मी मोजायला लागले. तीनशेपर्यंत मोजलं."

"आणि?" लेलोनं विचारलं.

"उजाडेपर्यंत कुणी उठायचं नसतं."

"ताई," हिलार म्हणाला.  हे त्यालाही आजच कळत होतं.

तीनशे. मी सांगते तीनशे म्हणजे किती ते. मी हिलारसाठी दहापर्यंत थांबते आणि मग जोर लावते. तीसला तो हातपाय झाडतो. शंभर मी कधी पाहिले नाहीत. पहिल्या पन्नासात भिंतीवर नुसती मूठ आपटली असती, तरी त्या माणसानं कूस बदलली असती. मी त्या घरात तेव्हा नव्हते. या जगात तरी होते की नाही ठाऊक नाही. पण ज्याला एक धक्का पुरला असता त्याच्यासाठी कुणी मोजत बसलं, हे ऐकून माझ्या टाकीतलं पाणी हललं. किंवा टेबल हललं असेल. सालमेचे गुडघे टेबलाला लागत होते.

"चालायचंच," एवाल्ड पुटपुटला. "तिनं नियम पाळला. तिचा दोष नाही."

लेलो उठली. कोठीत गेली. खिळ्यावरून दोरी बाजूला सारून तिनं माझी नळी काढली, परत आली आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडात घट्ट बसवली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"दोष तिचा नाही, तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "तिला मोठ्यांनी लहानपणी सांगितलं की उठायचं नाही, आणि ती सत्तर वर्षांची झाली तरी उठली नाही. मला पण सांगितलंत. मी नाही पाळणार. आज नाही, उद्या नाही, पुढच्या वर्षी नाही. बाबा, तू मुखवटा घालणार नसशील तर मी रात्रभर तुझ्या उशाशी बसेन, आणि प्रत्येक वेळी थांबलास की ओरडेन, तासाला सत्तेचाळीस वेळा. बघू या कोण दारातून परत जातं. आणि आत्या, तू भिंतीपलीकडे ऐकत असशील तर उठ. कुणीही काहीही सांगू दे, तू उठ."

तिनं प्लग भिंतीत घातला आणि मला सुरू केलं.

माणसांनो, तुमच्यापैकी कुणी रात्री भिंतीपलीकडचं घोरणं थांबलेलं ऐकत असाल, तर मोजत बसू नका. एवढंच मला म्हणायचं होतं.

मी लापशीच्या भांड्याशेजारी आहे, सात ताटल्यांच्या मधोमध, आणि मुखवटा हिलारच्या हातात आहे. हिलार तो उलटसुलट करून बघतो आहे. एवाल्डनं पाईप खिशात घातला. सालमे भिंतीकडे बघते आहे. लेलो उभीच आहे, उत्तर मागत.